बोट लागलं होतं

प्रेस्टन, मेलबर्न
२० जून २००४

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, तर आभार. गेल्या पंधरा वर्षांत मी तुला नाताळाच्या कार्डांखेरीज काही पाठवलं नाही, आणि कार्डांवरही सहीपलीकडे काही लिहिलं नाही. आईच्या अंत्यविधीला भेटलो तेव्हा तू सँडविचची बशी पुढे करून म्हणालीस, "अंड्याचं घे, हॅम संपलंय." आपलं शेवटचं बोलणं तेवढंच.

लिहिण्याचं कारण असं. आपल्या बेरिगलचा फुटबॉल क्लब चौऱ्याहत्तरच्या विजेत्या संघाला तीस वर्षं झाली म्हणून १४ ऑगस्टला समारंभ करतोय. जे जिवंत आहेत ते सगळे येणार. केल मॅकिन्स आता अध्यक्ष आहे. हो, तोच. पूर्ण अंतिम सामना बाकावर बसून काढला आणि पदक मात्र गळ्यात घालून गावभर फिरला. त्याचा फोन आला. म्हणाला, "बोट्या, तुझ्या मेहुण्याला पण घेऊन ये. आता कोण काय बोलणार? जुनं झालं ते."

तर तुम्ही दोघं याल का? राहायची सोय केलच्या घरी आहे. मर्विनला तेव्हा लोकांनी उगाच त्रास दिला, हे मला माहीत आहे. पंचाचा निर्णय म्हटला की अर्धं मैदान खूश आणि अर्धं नाराज, असं चालायचंच. हरलेल्यांना कुणीतरी लागतं.

माझं बरं चाललंय. एका शाळेची तीन मैदानं सांभाळतो. गवत कापतो, चुन्याच्या रेघा मारतो, खांब रंगवतो. उजवा गुडघा जिन्यावर कुरकुर करतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. मर्विनला नमस्कार सांग.

तुझा,
रसेल


११ जुलै २००४

ताई,

तुझं उत्तर मिळालं. नऊ ओळी आहेत, मी मोजल्या. धान्याच्या धुळीनं मर्विनची फुफ्फुसं गेली आहेत आणि डॉक्टर नाताळापर्यंतचीच भाषा करतात, हे मला ठाऊक नव्हतं. बेरिगलहून गेल्यावर तो पुन्हा कधी धान्य तोलायला वजनकाट्यावर बसला नाही, तुमच्या तिकडच्या कोठारात तीस वर्षं झाडू आणि धान्य वाहणारे पट्टेच सांभाळत राहिला, हेही मला ठाऊक नव्हतं. त्यानं तीनदा डोळे तपासून घेतले आणि तिन्ही वेळा डॉक्टरनं नजर उत्तम आहे असं सांगितलं, ही तुझी ओळ मी परत परत वाचली.

तू लिहितेस, "तो अजून विचारतो, 'नोला, माझी नजर चुकली असेल का गं?' मी काय सांगणार? मी मोटारीत बसून विणत होते. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे असं मला तीस वर्षं वाटतंय. त्याला ते ऐकून जायचंय. असेल तर लिही. नसेल तर कार्डंही पाठवू नकोस."

बरं, सांगतो. तुला खेळ कधीच कळला नाही. कुणीही गोल केला तरी तू हॉर्न वाजवायचीस. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आपल्या या फुटबॉलात चेंडू हातातही धरता येतो. पण तो लाथेनं मारलेला असेल आणि कुणाचाही हात न लागता चारपैकी मधल्या दोन खांबांमधून गेला, तर गोल. त्याचे सहा गुण. वाटेत कुणाचं बोट जरी लागलं, तरी गोल गेला आणि उरला एक गुण. खांबांपाशी पांढऱ्या कोटातला गोलपंच उभा असतो. गोल असेल तर तो दोन झेंडे हलवतो, एक गुण असेल तर एकच.

अंतिम सामन्यासाठी ठरलेला गोलपंच आलाच नाही, वाटेत त्याची मोटार बंद पडली. मर्विनचं नाव कुणी सुचवलं माहीत आहे? शेजारच्या टार्किन गावच्या कर्णधारानं. आमच्या शत्रूनं. आमच्यापैकी कुणीतरी म्हटलं, "अरे, तो आमच्या रसेलचा मेहुणा आहे." तर तो म्हणाला, "असेना का. माझा सगळा गहू मर्विनच्या काट्यावर जातो. त्याच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे." दोन्ही गावांत तेव्हा असंच होतं. मर्विननं वजन सांगितलं की कुणी काट्याकडे बघायचंही नाही.

शेवटचं मिनिट. आम्ही एकाहत्तर, टार्किन सहासष्ट. टार्किनच्या लेस डॉब्रीनं चाळीस पावलांवरून लाथ मारली. मैदानातला पंच चिखलात घसरून मागे राहिला होता. चेंडू सरळ खांबांच्या मधोमध येत होता आणि रेषेवर आम्ही पाच-सहा जण एकमेकांच्या खांद्यांवर चढलो होतो. मी उडी मारली. हात वर केला. नंतर एवढी झोंबाझोंबी झाली की नक्की सांगता येत नाही. बोटाला काहीतरी जाणवलं. चेंडू असेल, वारा असेल. विशीतल्या पोराला अशा वेळी काय कळतं? मला लागल्यासारखं वाटलं आणि मी तसं म्हटलं.

मर्विनला सांग, त्याची काही चूक नाही. असली तर कुणाचीच नाही.

रसेल


२५ जुलै २००४

ताई,

तुझं कार्ड आलं. पुढे तुमच्या बंदराचं चित्र, मागे एकच शब्द. "वारा?"

दोन दिवस ते मी स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. मग डब्याच्या मागे ठेवलं.

वारा नव्हता. काहीच नव्हतं. माझं बोट चेंडूला लागलं नाही, आणि लागलं नाही हे मला हवेत असतानाच कळलं. चेंडू माझ्या हातावरून गेला आणि मी त्याची शिवण बघितली. मी खाली आलो तो बोट वर करून, आणि ओरडलो, "लागलं! लागलं!" मर्विन माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं लेसकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. वाकून मला हळूच विचारलं, जसं जेवताना विचारावं, "रस, लागलं?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "लागलं."

त्यानं एक झेंडा हलवला. आम्ही चार गुणांनी जिंकलो.

आता पुढचं ऐक, कारण खरी लाज पुढेच आहे. मोठ्या शहराच्या क्लबचा एक माणूस त्या दिवशी बेरिगलला आला होता. तो मला बघायला आला नव्हता, लेस डॉब्रीला बघायला आला होता. सामना संपल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शेवटच्या मिनिटाला ज्याचं बोट पोचतं तो आम्हाला हवा." माझे शहरातले सात हंगाम, चौऱ्याण्णव सामने, वर्तमानपत्रातले ते फोटो, सगळं त्या वाक्यातून निघालं. माझं "बोट्या" हे नाव माझ्याआधी शहरात पोचलं होतं. मी मैदानात उतरलो की आमच्या बाजूचे लोक एक बोट वर करायचे. हजारो बोटं, ताई. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरंसुद्धा. मी पण हसून बोट वर करायचो. सात वर्षं दर शनिवारी मी ती खोटी साक्ष पुन्हा पुन्हा दिली.

सत्याहत्तरात एकदा खरोखरच लागलं. बोट उलटं फिरलं इतकं जोरात लागलं. मी ओरडलो, आणि तिथला गोलपंच म्हणाला, "हो हो, तुझं नेहमीच लागतं," आणि त्यानं दोन झेंडे हलवले. तेव्हा मला हसू आलं होतं. आज येत नाही.

इकडे मी नाव कमावत होतो आणि तिकडे डिसेंबरात टार्किनचे शेतकरी गहू घेऊन मर्विनच्या काट्यावर येत होते. काय बोलायचे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "मर्विन, काट्यावर बोट तर नाही ना ठेवलंस? मेहुण्याचं?" एकेका ट्रकचं वजन दोनदा करून मागायचे. काट्याच्या खोलीच्या भिंतीवर कुणीतरी चार फुटी बोट रंगवलं. आईच्या पत्रांतून हे सगळं मला कळत होतं. तू मला फोन केलास आणि म्हणालीस, "रस, एक दिवस ये. हॉटेलात चार लोकांसमोर एवढंच सांग, की त्यानं तुला विचारलं आणि तू उत्तर दिलंस, संगनमत नव्हतं." मी म्हणालो, "सराव आहे ताई. आपोआप शमेल."

आणि तुला माहीत नसलेली एक गोष्ट. फेब्रुवारीत मी सामान न्यायला घरी आलो होतो. मर्विन परसात आला. बूट झाडत म्हणाला, "एकदाच विचारतो, पुन्हा विचारणार नाही. लागलं होतं?"

तिथे प्रेक्षक नव्हते. कप नव्हता. आम्ही दोघं आणि आईचे कपडे वाळत घातलेली दोरी. मी म्हणालो, "लागलं होतं."

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं मला बॅग उचलायला मदत केली.

हे पत्र त्याला वाचून दाखव. मला तोंड दाखवायला जागा नाही, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

रसेल


१५ ऑगस्ट २००४, रविवार

ताई,

तू मागचं पत्र त्याला वाचून दाखवलं नाहीस. "माझ्या कानात पुटपुटून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोट वर केलंस त्यांच्यासमोर सांग. मगच मी हे त्याला वाचून दाखवीन." तुझं बरोबर होतं. मला राग आला होता, पण तुझं बरोबर होतं.

तर काल गेलो. क्लबच्या हॉलमध्ये पन्नासेक लोक होते. सॉसेज रोल, बिअर, टोमॅटो सॉसच्या बाटल्या. भिंतीवर माझा तो फोटो, बोट वर केलेला, आता काचेच्या चौकटीत आणि वर छोटा दिवा. केलनं पेल्यावर चमचा वाजवला आणि सगळे, म्हातारे, टकले, पोट सुटलेले, एकेक बोट वर करून "बोट्या! बोट्या!" करायला लागले.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बोट लागलं नव्हतं."

वर केलेली बोटं खाली आली. मला वाटलं, आता कुणीतरी बाटली फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. पहिला केल हसला. मग सगळेच.

"अरे बोट्या," डोळे पुसत केल म्हणाला, "म्हणून तर तुला बोट्या म्हणतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आम्हाला काय डोळे नव्हते? मी बाकावर होतो, बघण्याशिवाय मला दुसरं काम काय होतं? चेंडू आणि तुझ्या हाताच्या मधून आभाळ दिसत होतं. तुला खरंच वाटत होतं, की आम्हाला माहीत नाही?"

खरंच वाटत होतं, ताई. तीस वर्षं मी ते गुपित उराशी धरून बसलो होतो आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझं नाव म्हणजे बिरुद नव्हतं, थट्टा होती, आणि ती फक्त मला कळली नव्हती.

मी विचारलं, "आणि मर्विन?"

"मर्विनचं काय?"

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्याला कोण सांगणार? सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे स्पर्धेच्या मंडळाला लेखी कळवलं असतं. कप गेला असता."

"लोक त्याला चोर म्हणत होते, केल."

"टार्किनचे म्हणत होते. आपण कधी म्हटलं?"

"तो चोर नाही, असं तरी आपण कधी म्हटलं?"

केलनं पेला खाली ठेवला. त्याची बायको बेव्ह सॉसेज रोलचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आम्ही त्यांना निरोपाला टोस्टर दिला होता. चांगल्यातला." तिला खरोखरच काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मग कुणीतरी गाणी लावली. मी बाहेर येऊन मोटारीत बसलो. मला माझी लाज वाटत होतीच, पण त्या सगळ्यांचीही वाटली, आणि त्यानं माझी काही कमी झाली नाही. उलट मर्विन आणखी एकटा दिसायला लागला. दोन गावं, आणि खरं माहीत नसलेला त्यांत तोच एक.

आज सकाळी टार्किनला लेस डॉब्रीकडे गेलो. तो अंगणात कुत्र्यांना खाऊ घालत होता. मी फाटकाबाहेरूनच सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. चेंडू मी मारला होता."

"तू काही बोलला नाहीस."

"बोललो की. हरलेला माणूस बोलतोय म्हणाले." मग त्यानं फाटक उघडलं. "हे बघ रसेल, तुझ्या जागी मी असतो तर मी पण बोट वर केलं असतं. अंतिम सामना होता. पण डिसेंबरात गहू घेऊन काट्यावर गेलो असतो तेव्हा मर्विनला सांगितलं असतं. त्यानं सोडलं असतं मला. तू डिसेंबरात कुठे होतास?"

मग कुत्र्याच्या कानामागे खाजवत तोच पुढे म्हणाला, "ते काट्याच्या भिंतीवरचं बोट मी रंगवलं होतं. लाल रंग, ट्रॅक्टरचा. मला वाटलं तो तुला सामील आहे. तीन वेळा पुसलं त्यानं, मी तीन वेळा रंगवलं."

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही गावांच्या साप्ताहिकासाठी मजकूर लिहिला. माझं आधी, खाली त्याचं. मर्विनचं पूर्ण नाव घातलं. पंच म्हणून त्यानं विचारलं आणि मी खोटं बोललो, मर्विनला त्यातलं काही माहीत नव्हतं, काट्यावरचं त्याचं एकही वजन कधी चुकलं नव्हतं, असं सरळ लिहिलं. लेसचं अक्षर माझ्याहून वाईट आहे, म्हणून त्याच्या बायकोनं उतरवून काढलं. बुधवारी छापून येईल. कात्रण पाठवतो. आता वाचून दाखव.

रसेल


३ सप्टेंबर २००४

ताई,

हे तुला माहीत नसावं म्हणून लिहितो. मंगळवारी दुपारी मर्विनचा फोन आला होता. तू घरी नव्हतीस.

मी गवतकापणीच्या यंत्राचं तेल बदलत होतो. तेलकट हातानंच फोन उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग, "रस. मर्विन."

मी तिथेच यंत्राच्या चाकावर बसलो. तीस वर्षांत मी त्याच्याशी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"नोला दुकानात गेलीय," तो म्हणाला. "वीस मिनिटं आहेत. कात्रण वाचलं. तुझं पत्र पण."

"मर्विन, मी..."

"थांब. मला दम कमी आहे, आधी मला बोलू दे." दोन शब्द बोलून तो थांबायचा आणि मला त्याची छाती ऐकू यायची. "माफीबिफी नंतर बघू. मला एकच विचारायचंय. चेंडू आणि तुझं बोट, मध्ये किती होतं?"

असा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. शिव्या खायची तयारी होती माझी. मी डोळे मिटले आणि ती शिवण पुन्हा बघितली. या वेळी मला अर्ध्या बोटाचंही खोटं सांगायचं नव्हतं.

"वीतभर," मी म्हणालो.

पलीकडे तो बराच वेळ श्वास घेत राहिला.

"मी पण वीतभरच धरलं होतं," तो म्हणाला.

मला काही कळेना. मी म्हणालो, "तुला दिसलं होतं? मर्विन, दिसलं होतं तर मग तू एकच झेंडा का हलवलास?"

"तू लागलं म्हणालास ना," तो म्हणाला.

रसेल